मुंबईचें सागवान आणि लंडनचा कायदा

गेल्या पावसाळ्यांत इंग्लंडच्या व्यापारी इतिहासावरचें आमचें एक व्याख्यान संपलें आणि आम्ही वर्गाबाहेर पडत होतों, तेव्हां एका विद्यार्थिनीनें दारांतच आम्हांस थांबवून विचारलें, "सर, मुंबईचा जहाजें बांधण्याचा धंदा बुडाला तो इंग्रजांच्या कायद्यानें, कीं लोखंडानें?" प्रश्न लहान होता, पण दाराशीं उभें राहून उत्तर देतां यावें असा तो नव्हता. "पुढच्या तासाला सांगूं," असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. पुढच्या तासाला जें सांगितलें तेंही अपुरेंच होतें. तें पुरें करावें, म्हणून हा लेख.

ह्या प्रश्नाचीं दोन तयार उत्तरें आहेत. एक आमच्या शाळांत चालतें: भरभराटीचा धंदा परक्या राज्यकर्त्यांनीं कायदा करून मारला. दुसरें इंग्रज ग्रंथकारांत पुष्कळ काळ चालत आलें: सागवानाचा जमाना सरला, लोखंडाचा व वाफेचा आला, यांत कोणाचा दोष? पहिल्या उत्तरांत आमच्या रागाची सोय होते, दुसऱ्यांत त्यांच्या विवेकाची. सोयीचीं उत्तरें नेहमीं खोटीं असतात असें नाहीं. पण तीं तपासल्यावांचून स्वीकारूं नयेत, एवढें तरी इतिहास शिकणाऱ्यानें पाळलें पाहिजे.

आधीं कायदा काय होता तें पाहूं. सतराव्या शतकाच्या मध्यावर जगाचा माल वाहण्याचा धंदा बव्हंशीं डच लोकांच्या हातीं होता. त्यांचीं जहाजें स्वस्त, त्यांचें भाडें कमी. तें मोडण्यासाठीं इंग्लंडच्या पार्लमेंटनें १६५१ सालीं नौकानयनाचा पहिला मोठा कायदा केला आणि राजसत्ता परत आल्यावर १६६० सालीं तो अधिक कडक करून पुन्हां मांडला. त्याचें सार असें कीं, आशिया, आफ्रिका आणि अमेरिका या खंडांतील माल इंग्लंडांत यावयाचा तर तो इंग्रजांच्या मालकीच्या जहाजांतूनच आला पाहिजे. जहाजाचा कप्तान आणि खलाशांपैकीं तीन-चतुर्थांश लोक इंग्रज असले पाहिजेत. आणि वसाहतींत पिकणारी साखर, तंबाखू, कापूस, नीळ अशी कांहीं नेमून दिलेली पैदास इंग्लंड अथवा इंग्रजी मुलूख सोडून अन्यत्र नेतां कामा नये. १६६३ सालीं आणखी एक गांठ मारली गेली: युरोपांतला बहुतेक माल वसाहतींस हवा असेल तर तो आधीं इंग्लंडांत उतरवून, तेथली जकात भरून, मगच पुढें न्यावा.

मुक्त व्यापाराचा आद्य पुरस्कर्ता जो ॲडम स्मिथ, त्यानेंही १७७६ सालच्या आपल्या ग्रंथांत ह्या कायद्याची भलामण केली आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. संपत्तीच्या दृष्टीनें कायदा तोट्याचा आहे हें तो मान्य करतो. परंतु व्यापारी खलाशी हाच युद्धकाळीं आरमाराचा खलाशी होतो, आणि संपत्तीपेक्षां संरक्षणाची किंमत मोठी, असा त्याचा युक्तिवाद होता. तो ध्यानांत ठेवावा. पुढें त्याची गरज लागेल.

आतां ह्याच कायद्याखालीं अमेरिकेंतील तेरा वसाहतींचें काय झालें? तेथें तक्रारी पुष्कळ होत्या. परकी काकवीवर १७३३ सालीं गॅलनमागें ६ पेन्स जकात बसली. १७७३ च्या डिसेंबरांत बोस्टनच्या बंदरांत चहाच्या ३४२ पेट्या समुद्रांत फेंकल्या गेल्या, आणि पुढचा इतिहास सर्वांस विदित आहे. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं. जहाजें बांधण्याचा अमेरिकन धंदा ह्या कायद्यानें बुडाला नाहीं, तर वाढला. कारण कायद्याच्या भाषेंत वसाहतींतला गोरा मनुष्य हा इंग्रजच होता. बोस्टनमध्यें बांधलेलें जहाज इंग्रजी जहाज, आणि त्यावरचा खलाशी इंग्रजी खलाशी. डचांस जी भिंत आड आली तीच न्यू इंग्लंडच्या सुतारांस आडोसा झाली. स्वातंत्र्ययुद्धाच्या आधल्या काळांत ब्रिटिश निशाणाखालच्या व्यापारी जहाजांपैकीं सुमारें एक-तृतीयांश अमेरिकन वसाहतींत बांधलेलीं होतीं. तेव्हां कायद्याचें कलम वाचून भागत नाहीं. कलमांतल्या 'आपले' ह्या शब्दांत कोण बसतें आणि कोण बसत नाहीं, हें पाहावें लागतें.

आतां मुंबईकडे वळूं. लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी कारागीर १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आला. १७५० सालीं मुंबईंत कोरडी गोदी झाली आणि तेथून पुढें शंभर-सवाशें वर्षें वाडिया घराण्यानें जहाजें बांधलीं. मलबारचें सागवान हें त्या जहाजांचें भांडवल. सागवानांत अंगचेंच तेल असतें, त्यामुळें तें पाण्यांत कुजत नाहीं व लोखंडी खिळ्यास खात नाहीं. एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें १८११ सालीं असा हिशेब मांडला होता कीं, ओकाचें इंग्रजी जहाज बारा वर्षांत नवें करावें लागतें, सागवानी जहाज पन्नास वर्षें टिकतें, आणि मुंबईंत तें बांधण्याचा खर्च इंग्लंडपेक्षां चौथ्या हिश्शानें कमी येतो. हिशेबांत थोडी अतिशयोक्ति धरली तरी आरमाराची साक्ष उरतेच. जमशेटजी बमनजी वाडियानें बांधलेली ७४ तोफांची 'मिंडन' १८१० सालीं मुंबईच्या गोदींतून पाण्यांत उतरली. १८१३ सालच्या 'कॉर्नवॉलिस'वर पुढें १८४२ मध्यें नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या. १८२४ सालची ८४ तोफांची 'एशिया' नावारिनोच्या १८२७ च्या लढाईंत ब्रिटिश नौसेनापतीचें जहाज होती. ज्यांस आपलें काम चांगलें करतां येत नाहीं, त्यांच्याकडून कोणतेंही आरमार असलीं जहाजें घेत नसतें.

मग विरोध कोणाचा होता? आरमाराचा नव्हे. विरोध होता लंडनच्या व्यापारी जहाजमालकांचा व जहाजें बांधणारांचा. ईस्ट इंडिया कंपनी बहुतेक जहाजें स्वतः बांधीत नसे; लंडनच्या मालकांकडून तीं भाड्यानें घेई, आणि हे मालक व कंपनीचे भागीदार यांचे हितसंबंध एकमेकांत चांगलेच गुंतलेले होते. इकडे कलकत्त्यास व मुंबईस खासगी व्यापाऱ्यांचीं हिंदी बांधणीचीं जहाजें रिकामीं उभीं असत. त्यांना लंडनपर्यंत माल नेऊं द्यावा असें गव्हर्नर जनरल वेलस्ली याचें मत होतें. कलकत्त्याच्या बंदरांत सुमारें १०,००० टनांचीं, इंग्लंडास माल नेण्याजोगीं, हिंदुस्थानांत बांधलेलीं जहाजें आहेत, असें त्यानें १८०० सालीं वरिष्ठांस कळविलें. वेलस्ली हा कांहीं हिंदी लोकांचा कैवारी नव्हता. माल स्वस्तांत जावा आणि परक्या निशाणाखालीं जाऊं नये, एवढाच त्याचा हेतु. कंपनीच्या डायरेक्टरांनीं १८०१ च्या आरंभीं त्यास जें उत्तर धाडलें, त्यांतला एक मुद्दा चमत्कारिक आहे. हिंदी खलाशी लंडनमध्यें आले म्हणजे तेथील वाईट देखावे पाहतील, गोऱ्या माणसाविषयीं त्यांच्या मनांत असलेला दरारा नाहींसा होईल, आणि परत गेल्यावर ते तीच गोष्ट आपल्या देशांत पसरवितील, असा तो मुद्दा. स्वतःच्या शहराविषयीं इतकी स्पष्ट कबुली सरकारी कागदांत क्वचितच सांपडते!

१८१३ सालीं हिंदुस्थानच्या व्यापाराचा कंपनीचा मक्ता संपला, आणि जहाजांचा प्रश्न पार्लमेंटपुढें आला. त्याचा निकाल १८१४ च्या कायद्यानें लागला, व १८२३ च्या कायद्यानें तो पक्का झाला. हिंदी बांधणीच्या जहाजांस सरसकट बंदी झाली, असें जें कधींकधीं लिहिलें जातें तें बरोबर नाहीं. झालें तें याहून साधें आणि म्हणून अधिक परिणामकारक होतें. तीन-चतुर्थांश खलाशी ब्रिटिश असले पाहिजेत हा जुना नियम कायम राहिला, आणि त्या मोजणीसाठीं हिंदी खलाशी, तो ब्रिटिश राजाचा प्रजाजन असला तरीसुद्धां, ब्रिटिश खलाशी समजूं नये असें ठरलें.

याचा अर्थ व्यवहारांत काय होतो तो पाहावा. मुंबईच्या एखाद्या मालकाचें जहाज आहे. सारंग, तांडेल, सुकाणी, खलाशी सर्व रत्नागिरीकडचे, कच्छ-काठेवाडचे किंवा चितगांवचे. हें जहाज लंडनला पाठवावयाचें तर चारांतले तीन लोक गोरे पाहिजेत. मुंबईच्या बंदरांत तेवढे गोरे खलाशी मिळणार कोठून? मिळाले तर त्यांचें वेतन दामदुप्पट. शिवाय हिंदी खलाशी नेलेच तर लंडनमधील त्यांच्या पोटापाण्याचा आणि परतीच्या प्रवासाचा बोजाही मालकावरच. सागवानानें जो चौथा हिस्सा वांचविला तो ह्या एका वाक्यांत खर्ची पडला. जहाजावर बंदी घालण्याची गरजच उरली नाहीं. बोस्टनच्या खलाशास ज्या कायद्यानें 'आपला' म्हटलें, त्याच कायद्यानें रत्नागिरीच्या खलाशास 'परका' म्हटलें. आणि दोघेही एकाच राजाची प्रजा होते.

जहाजाच्या जोडीला जकात होती. १८२४ सालीं हिंदुस्थानची मलमल इंग्लंडांत न्यावयाची तर शेंकडा ३७½, आणि सुती कापड न्यावयाचें तर शेंकडा ६७½ जकात पडे. उलट बाजूनें १८३६ च्या बंगालच्या जकात-कायद्यानें इंग्लंडचें सुती कापड शेंकडा ३½ देऊन आंत येई. पण ह्याच कायद्यांत जहाजाचेंही निशाण पाहिलें जात असे: तेंच इंग्रजी कापड परकी जहाजांतून आलें तर ३½ च्या जागीं ७, परक्या देशाचा माल ब्रिटिश जहाजांतून ७, परकी जहाजांतून १४. गठ्ठा एकच, बंदर एकच. पण कोणाच्या जहाजांतून उतरला यावर त्याची जकात दुप्पट. हा निशाणाचा भेद १८४८ सालीं गेला. ह्या एकतर्फी व्यवहाराची जाणीव आपल्याकडे कोणास नव्हती असें नाहीं. भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनीं १८४१ सालीं मुंबईच्या एका इंग्रजी पत्रांत 'एक हिंदु' ह्या सहीनें जीं पत्रें लिहिलीं, त्यांत ह्या देशाची संपत्ति कोणत्या वाटांनीं बाहेर जाते तें निर्भीडपणें सांगितलें आहे. दादाभाईंच्या आधीं एक पिढी ही चर्चा मुंबईंत चालूं झाली होती.

नौकानयनाचे कायदे १८४९ सालीं रद्द झाले. येथें लोखंडाचा पक्ष पुढें येतो, आणि त्याचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे. १८५० नंतर लोखंडी आगबोटींनीं लांकडी जहाजांस मागें टाकलें. १८६९ सालीं सुवेझचा कालवा उघडला, आणि त्या वाटेनें शिडाच्या जहाजास जाणें अवघड होतें. ज्या देशांत कोळसा व लोखंड शेजारीं शेजारीं सांपडतें त्याचा विजय ठरलेलाच होता. कायदा नसता तरी सागवानी जहाजाचा धंदा टिकला नसता. हें आम्ही मान्य करतों, आणि ज्यांस तें अप्रिय वाटेल त्यांनींही मान्य करावें अशी विनंती करतों. सागवानाचा पराभव हा लोखंडानेंच केला.

परंतु प्रश्न सागवानाचा नव्हता. प्रश्न सुताराचा होता. सागवान गेलें म्हणून सुतारानेंही जावें असा कांहीं सृष्टिनियम नाहीं. वाडियांस वाफेचें ज्ञान नव्हतें म्हणावें, तर १८२९ सालीं मुंबईच्या गोदींत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट पुढच्याच वर्षीं मुंबईहून सुवेझला जाऊन पोंचली होती. जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण वाडिया १८३८ सालीं जहाजबांधणीचें शास्त्र शिकावयास मुद्दाम इंग्लंडांत गेले. त्याच घराण्यांतील अर्देशीर कर्सेटजी याचा, आगबोटीच्या यंत्रांतील कौशल्यामुळें, १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें सभासद करून घेऊन गौरव केला. तो मान मिळविणारा तो पहिला हिंदी गृहस्थ. ज्ञान होतें, हौस होती, शिकण्याची तयारी होती. नव्हतें तें काय?

त्याचें उत्तर जपानकडे पाहिलें म्हणजे मिळतें. १८५३ पर्यंत त्या देशांत मोठें जहाज बांधण्यास राज्यकर्त्यांचीच मनाई होती. मुंबईहून आरमारी जहाजें इंग्लंडास जात होतीं तेव्हां जपानी सुतार मासेमारीच्या व किनाऱ्यावरच्या होड्या बांधीत होता. त्याच जपाननें १८९६ सालीं दोन कायदे करून जहाज बांधणारास व चालविणारास सरकारी तिजोरींतून मदत देऊं केली, आणि एका पिढींत तो देश पोलादी जहाजें बांधूं लागला. जपानांत लोखंड मुबलक होतें असें नव्हे. त्याला स्वतःचें सरकार होतें. काशीनाथ त्रिंबक तेलंग यांनीं १८७७ सालीं मुक्त व्यापार आणि संरक्षण यांवर जो निबंध वाचला त्यांतला मुद्दा हाच होता: पिकल्या धंद्यास जें तत्त्व मानवतें तें कोंवळ्या धंद्यास मारक होऊं शकतें. इंग्लंडनें दोनशें वर्षें कायद्याच्या आडोशानें आपलीं जहाजें वाढविलीं, आणि तीं मोठीं झाल्यावर आडोसा पाडून मुक्त स्पर्धेचें तत्त्व जगास शिकविलें. कायदा रद्द झाला तेव्हां त्याची गरज संपली होती.

शिवाय कायदा गेला म्हणून भिंत गेली नाहीं. ती करारांत शिरली. १८७५ सालीं कलकत्त्याच्या व्यापारांतील ब्रिटिश आगबोट कंपन्यांनीं आपसांत संगनमत करून भाड्याचे दर बांधले, आणि थोड्याच काळांत 'मागाहून द्यावयाच्या सुटी'ची युक्ति निघाली. व्यापाऱ्यानें भाडें पुरें भरावें. ठराविक मुदतींत त्यानें संघाबाहेरच्या एकाही जहाजांतून माल पाठविला नाहीं, तर भाड्यांतला कांहीं हिस्सा त्यास परत मिळे. नव्या कंपनीकडे एक गठ्ठा जरी दिला तरी सांचलेली सूट बुडे. ह्यांत सक्ति कोठेंच नाहीं, केवळ हिशेब आहे. १९०६ सालीं चिदंबरम पिळ्ळे यांनीं तुतिकोरीनहून कोलंबोस जाणारी स्वदेशी आगबोट कंपनी काढली, तेव्हां प्रतिस्पर्ध्यानें उतारूंचें भाडें पाडीत नेलें. १९०८ सालीं पिळ्ळे राजद्रोहाच्या आरोपाखालीं तुरुंगांत गेले आणि कंपनी लयास गेली. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ५ एप्रिल १९१९ रोजीं मुंबईहून लंडनकडे निघाली. परंतु दरयुद्धापुढें नमून १९२३ सालीं ह्या कंपनीस असा करार करावा लागला कीं, दहा वर्षें आपण किनाऱ्याचाच व्यापार करूं आणि ७५,००० टनांपलीकडे जहाजें वाढविणार नाहीं. किनाऱ्याचा व्यापार हिंदी जहाजांसाठीं राखून ठेवावा, असें सरकारनेंच नेमलेल्या समितीनें १९२४ सालीं सुचविलें होतें; त्यासाठीं १९२८ सालीं हाजी यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत आणलेलें विधेयक तडीस गेलें नाहीं. उलट १९३५ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमानें ब्रिटिश जहाजांच्या विरुद्ध भेदभाव करण्यास हिंदी कायदेमंडळास मनाई केली. १८१४ सालीं भेद करणें हा कायदा होता. १९३५ सालीं भेद न करणें हा कायदा झाला. लाभ मात्र दोन्ही वेळां एकाच पक्षाचा.

आणि ज्या खलाशास १८१४ सालीं मोजणींतून वगळलें त्याचें काय झालें? ब्रिटिश खलाशांची अट सुटल्यावर मालकांच्या ध्यानीं आलें कीं हा मनुष्य स्वस्त आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हिंदी खलाशी सुमारें पन्नास हजार होते. त्यांत आमच्या कोंकणचे व गोव्याचे लोक पुष्कळ. भट्टीपाशीं, डेकवर, भटारखान्यांत ते सर्वत्र होते. वेतन मात्र गोऱ्या सोबत्याच्या मानानें फारच तुटपुंजें. ज्यास मालक होऊं दिलें नाहीं, त्यास हमाल म्हणून आनंदानें घेतलें. रत्नागिरी जिल्ह्यांतल्या कितीएक घरांत आजोबांच्या लंडनच्या फेऱ्यांची गोष्ट अजून सांगतात. ते कोणाच्या जहाजावर गेले होते हें त्या गोष्टींत सहसा नसतें.

स्वातंत्र्यानंतर आपण काय केलें? विशाखापट्टणच्या गोदींत बांधलेली 'जलउषा' मार्च १९४८ मध्यें पाण्यांत उतरली, आणि पुढच्या कांहीं वर्षांत किनाऱ्याचा व्यापार आपल्या जहाजांसाठीं राखला गेला. तें योग्यच झालें. तथापि संरक्षणाचा कायदा आपल्या हातीं आला म्हणजे तो आपोआप न्याय्य होतो, अशा भ्रमांत राहूं नये. अमेरिकेनें १९२० सालीं असाच एक कायदा केला: आपल्या दोन बंदरांमधला माल अमेरिकेंत बांधलेल्या, अमेरिकन मालकीच्या आणि अमेरिकन खलाशांच्या जहाजांतूनच गेला पाहिजे. पोर्टो रिको बेटाचे रहिवासी १९१७ पासून अमेरिकन नागरिक आहेत. पण त्या देशाच्या काँग्रेसमध्यें त्यांस मताचा हक्क नाहीं, आणि महागड्या जहाजांचें भाडें मात्र त्यांस भरावें लागतें अशी त्यांची जुनी तक्रार आहे. ज्या वसाहतींनीं चहा समुद्रांत फेंकला, त्यांच्याच राज्यांत हें व्हावें, हा इतिहासाचा विनोद म्हणावा कीं शिकवण?

तेव्हां आमच्या विद्यार्थिनीस आमचें उत्तर असें: सागवानी जहाज लोखंडानें बुडविलें, पण तें बांधणाऱ्या हातांस लोखंडावर काम करण्याची पाळी येऊं दिली नाहीं ती कायद्यानें, आणि कायदा गेल्यावर त्याच्या वारसांनीं. ॲडम स्मिथनें संरक्षणासाठीं संपत्तीचा तोटा सोसावा असें म्हटलें होतें. इंग्लंडनें तो तोटा सोसला खरा, पण बराचसा दुसऱ्याच्या खिशांतून.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नांवाचें गांव आहे. तेथें 'ट्रिंकोमाली' हें जहाज जपून ठेविलें आहे. १८१७ सालीं तें मुंबईच्या गोदींतून पाण्यांत उतरलें, म्हणजे १८१४ च्या कायद्यानंतर तीन वर्षांनीं. दोनशें वर्षें उलटून गेलीं, तरी मलबारचें तें सागवान अजून पाण्यावर तरंगत आहे. ज्या कायद्यानें त्याच्या देशाच्या खलाशास मोजलें नाहीं, तो मात्र कधींच बुडाला.